तात्याच्या नावावरची व्हीलचेअर

परत आल्यापासून बारामतीत जो भेटतो तो मला तात्याबद्दल विचारतो. समुद्र कसा होता, बोट केवढी होती, तिकडं जेवायला काय मिळतं, हे कुणी विचारत नाही. काहीजण तर काहीच विचारत नाहीत, माझ्या पोटाकडे बघून हसतात आणि पुढं जातात. रफीकनं तो व्हिडिओ कुठंकुठं पाठवला आहे कोण जाणे. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढतो. यातले माझे गाढवपणे मी लपवलेले नाहीत. रफीक ते आधीच सांगून बसला आहे, त्यामुळं लपवण्यात अर्थही नाही.

भिगवण

दर महिन्याला एकदा आम्ही तिघं भिगवणला मासे खायला जमतो. तात्या लासुर्ण्याहून मोटारसायकलवर येतो, रफीक इंदापूरहून एसटीनं आणि मी बारामतीहून कुणाच्या तरी गाडीत फुकट. कॉलेजात असताना बारामतीत एका खोलीत, एका स्टोव्हवर आम्ही तिघं जेवत होतो, तेव्हापासूनचं हे चालू आहे. तात्याची ऊसशेती. रफीकचं इंदापुरात हार्डवेअरचं दुकान, आता त्याचा मुलगा बघतो. मी बारामतीत तीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. त्यामुळं आमच्या भागात अशी समजूत आहे की इंग्रजीतला फॉर्म भरावा तर सुधाकर मास्तरनंच. ही समजूत मीच पसरवलेली होती.

क्रूझची कल्पना रफीकची. चिलापीचे काटे ताटाच्या कडेला रांगेत लावत तो म्हणाला, "वेस्ट इंडीजला जाऊ या का?"

त्याला कारण होतं. तरुणपणी ट्रान्झिस्टरला कान लावून आम्ही तिकडच्या मॅचेस ऐकल्या होत्या. तिथल्या मैदानांची नावं आम्हाला तालुक्यातल्या गावांइतकी पाठ होती. तात्या म्हणाला, "जाऊ की." इतकंच. पाणी मागवावं तसं.

तिघांच्याही घरून एकच प्रश्न आला, या वयात कशाला? माझ्या सुनेनं तर, "बाबा, त्यापेक्षा मोरगावला जाऊन या ना, गाडी देते," असं सुचवलं.

रफीक त्या वेळी आमच्याकडेच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "सूनबाई, मोरगावला मला ह्या दोघांनी चारदा नेलंय. तितला नारळवाला मला नावानं हाक मारतो. आता जरा लांब जाऊ द्या आमाला."

ज्या वयात जायचं असतं त्या वयात एकजण ऊस लावत होता, एकजण खिळे विकत होता आणि एकजण पोरांना ए एस डी एफ बडवायला शिकवत होता. मग आम्ही जायचं कधी, हे कुणीतरी सांगावं. कुणी सांगितलं नाही. आम्ही गेलो.

फक्त जाण्याआधी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. तात्याचा मुलगा प्रशांत पुण्याहून मुद्दाम माझ्याकडे आला. पोरगा चांगला आहे. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून वडील लासुर्ण्यात एकटे राहतात, याचा त्याला घोर लागलेला असतो. मागच्या पावसाळ्यात तात्या गोठ्यात घसरून पडला आणि दूधवाला येईपर्यंत तासभर तिथंच पडून होता. तेव्हापासून प्रशांतनं ठरवलं होतं की वडिलांना कायमचं पुण्याच्या फ्लॅटवर न्यायचं. तात्या यावर हो म्हणत नव्हता आणि नाही म्हणत नव्हता.

"काका," प्रशांत म्हणाला, "तुम्ही इतके दिवस त्यांच्याबरोबर असाल. चढणं, उतरणं, खाणंपिणं सगळं बघा आणि मला खरं सांगा. एकटं राहणं जमेल का त्यांना? तुमच्या शब्दावर मी ठरवतो. आणि तेवढं पाण्यात उतरू देऊ नका."

क्रूझवर निघालेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका. मी मान डोलावली. शब्दाला मान मिळाला की मी कशालाही मान डोलावतो.

जाताजाता तो म्हणाला, "फॉर्म भरताना बाबांसाठी व्हीलचेअर टाका. रांगेत उभं राहायला लागत नाही. एकजण चाकावर असला की बरोबरचे सगळे पुढं जातात."

हे तर मला आधीच माहीत होतं. आपल्याकडचे निम्मे आईबाप विमानतळावर असेच खुर्चीत बसून जातात आणि घरी पोचले की गच्चीत पापड वाळत घालतात. मी तात्याला न विचारता खूण केली. बोटीच्या फॉर्मवर त्यापुढं आणखी दोन चौकोन होते. व्हीलचेअर फक्त चढता-उतरताना हवी की पूर्ण वेळ? दोन्हीला पैसे सारखेच, म्हणजे काहीच नाहीत. फुकट मिळतंय तर अर्धं कशाला घ्या, असा विचार करून मी 'पूर्ण वेळ'वर खूण केली.

मियामी

विमानतळांवर सगळं झकास झालं. मुंबईला खुर्ची आली तेव्हा तात्यानं तिला एक फेरी मारली आणि विचारलं, "ही कुणासाठी?"

मी म्हणालो, "ग्रुपला एक देतात."

रफीक लगेच बसला. "द्यायलेत तर बसायचं," म्हणाला. मियामीलाही तोच बसला आणि अधिकाऱ्यांना असा हात करत गेला की समोरचे दोघंतिघं उठून उभे राहिले. मागून तात्या दोन्ही हातांत बॅगा घेऊन, धोतराचा सोगा सांभाळत चालत होता.

बंदरावर मात्र फसलो. तिथं प्रत्येकाचा फोटो काढून कार्ड देतात. कार्ड यंत्रावर टेकवलं की समोरच्या बाईला त्या माणसाची सगळी कुंडली दिसते. तात्याचं कार्ड टेकवलं आणि बाईच्या चेहऱ्यावर एकदम माया आली. तिनं हाक मारली, एक उंच माणूस खुर्ची घेऊन आला आणि तात्याच्या ढोपरांमागं लावून उभा राहिला.

"ह्ये काय म्हंतंय?" तात्यानं विचारलं.

"म्हणतंय, बसा. मान आहे तुमचा."

"मानाचं हाय तर तू बस."

तात्यानं मला खांद्याला धरून खुर्चीत दाबलं आणि स्वतः खुर्ची ढकलत बोटीच्या पुलावरून निघाला. उंच माणूस मागून पळतोय, मी खुर्चीत मांडीवर तीन पिशव्या घेऊन, आणि रफीक सगळ्यांच्या पुढं जाऊन फोटो काढतोय. अशा थाटात आम्ही बोटीवर चढलो.

बोट म्हणजे काय हे सांगायला माझ्याकडे एकच माप आहे. आमच्या भागातला साखर कारखाना, त्याची वसाहत, शाळा आणि आठवड्याचा बाजार उचलून एकावर एक रचा आणि पाण्यावर ठेवा. लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर गेलो तर तिथं झाडं होती.

चढल्याबरोबर सगळ्यांना जमवून बोट बुडाली तर काय करायचं ते शिकवतात. आपल्याकडे शुभकार्यात असा विषय काढला तर मारतील. कवायत संपल्यावर मारिसा नावाची एक अधिकारी तात्याकडे आली. हसरी, नीटनेटकी बाई. तात्यासमोर गुडघे टेकून, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली की काही झालं तर आमची दोन माणसं तुम्हाला खास खुर्चीतून उचलून जिन्यानं खाली नेतील, तुम्ही काळजी करू नका.

तात्या माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "ती म्हणतेय, तुमचं वय दिसत नाही."

"मग गुडघ्यावर कशाला बसली?"

एवढ्यात मारिसानं भिंतीवरचं चित्र दाखवलं. चित्रात दोन माणसं एका म्हाताऱ्याला उचलून नेत होती. चित्राला भाषांतर लागत नाही. तात्या बराच वेळ ते बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "दोघं कशाला? चौघं लागत्यात. आन त्याला अजून वेळ हाय म्हनावं."

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

नुसतं पाणी

दुसरा दिवस समुद्रावरच गेला. उजनीचं पाणी बघत म्हातारा झालेला माणूस समुद्राला घाबरत नाही, पण त्याला एक गोष्ट खटकते. पलीकडचा काठ नाही. तात्या सकाळपासून कठड्याला टेकून तो काठ शोधत होता.

खाण्याचं विचारू नका. दारात एक पोरगी हातावर औषध फवारते, आपल्याकडे लग्नात अत्तर लावतात तसं. आत गेलं की अर्धा फर्लांग अन्न. रफीक प्रत्येक भांड्यासमोर उभा राहून, यात डुक्कर नाही ना, हे मला विचारायला लावत होता. शेवटी आचाऱ्यानंच त्याला ओळखलं आणि लांबूनच बोटानं 'हे नको, ते घे' असं सांगू लागला. तात्यानं घरून शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा आणला होता. पहिल्या दिवशी आमच्या टेबलाजवळ कुणी बसेना, दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा एक जाडजूड अमेरिकन बशी घेऊन ठेचा मागायला आला. त्याचं नाव हँक. ठेचा खाल्ल्यावर तो दोन ग्लास पाणी प्यायला. मग त्यानं तात्याचा हात हातात घेऊन हलवला.

खोलीतल्या चादरी बदलणारी बाई टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवायची. मी त्याचा फोटो काढायचो. तात्या त्याला अंघोळ झाल्यावर सोडवून अंग पुसायचा.

पण दिवसभर एक गोष्ट चालू होती. तात्या पोहायच्या तलावाकडे वळला की कुणीतरी येऊन नम्रपणे विचारायचं, सर, तुमची खुर्ची कुठं आहे, सोबत कोण आहे? जिन्याकडे वळला की लिफ्ट दाखवायचं. सगळे गोड बोलत होते. त्यामुळंच तात्याला भांडताही येत नव्हतं. संध्याकाळी तो मला म्हणाला, "सुधा, ह्या बोटीवर सगळ्यांना प्रशांतनं फोन केलाय का रं?"

मी म्हणालो, "नाही रे. वयाचा मान ठेवतात."

त्या दिवशीचा प्रशांतला गेलेला माझा निरोप असा होता: 'बाबा ठीक. जिना टाळतात.'

ग्रँड केमन

तिसऱ्या दिवशी ग्रँड केमन बेट आलं. तोवर तात्या आणि रफीकला एक कबुली देऊन झाली होती. आम्ही ट्रान्झिस्टरवर ऐकलेल्या मैदानांपैकी एकही या बोटीच्या वाटेवर नव्हतं. बुकिंग करताना मी नकाशा उलटाच बघितला असावा. रफीक म्हणाला, "असूं दे. पानी तर तेच हाय."

केमनला मोठी बोट धक्क्याला लागत नाही, लांब उभी राहते आणि छोट्या बोटींतून माणसं नेतात. पाणी हलत होतं. आम्ही तिघं टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत. तात्यानं आयुष्यात पहिल्यांदा बर्म्युडा घातली होती, वर नेहमीची पांढरी टोपी. कार्ड टेकवलं. यंत्र वेगळ्याच आवाजात वाजलं.

दारातला माणूस दिलगिरीनं म्हणाला की लाटा आहेत, आज व्हीलचेअरचे प्रवासी छोट्या बोटीत घेता येणार नाहीत, नियम आहे.

"पण ते चालतात," मी म्हणालो.

"सर, इथं लिहिलंय पूर्ण वेळ."

तात्यानं विचारलं, "काय म्हंतोय?"

मागं रांग खोळंबली होती. मी म्हणालो, "आज लाटा आहेत. म्हाताऱ्यांना सोडत नाहीत."

"तू कोन हायेस मग?"

तात्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, टॉवेल खांद्यावर नीट केला आणि मागं फिरला. "जावा तुमी," म्हणाला. "मी हाय हितंच."

आणि आम्ही गेलो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण गेलो. रफीक नको म्हणत होता, मीच त्याला ओढलं. म्हटलं, पैसे भरलेत, एकाचं गेलं म्हणून तिघांचं कशाला घालवायचं.

बेट सुंदर आहे. पाणी असं की कमरेएवढ्या पाण्यात स्वतःच्या पायाची नखं दिसतात. रस्त्याकडेच्या एका टपरीत बाईनं तळलेला मासा आणि लिंबाची फोड दिली. मासा भिगवणच्या जवळपास जाणारा होता. बाईनं विचारलं, कुठून आलात? मी भारत म्हणालो, रफीक इंदापूर म्हणाला. तिनं इंदापूर कुठं आहे ते विचारलं तेव्हा रफीकनं वाळूत काठीनं भीमा काढली, नीरा काढली आणि मध्ये बोट ठेवलं. मग काठी टाकून तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, त्या कार्डात काय हाय?"

मी सांगितलं. व्हीलचेअर, पूर्ण वेळ, प्रशांतला दिलेला शब्द, रोजचा निरोप, सगळं. रफीकनं मासा खाली ठेवला.

"म्हंजी तात्याचं लासुर्नं ऱ्हायचं का जायचं, ते तू ठरवनार? बोटीवर बसून?"

"तसं नाही रे."

"मग कसं हाय?"

परत आलो तेव्हा तात्या वरच्या डेकवर एका खुर्चीत बसून बेटाकडे बघत होता. टॉवेल अजून खांद्यावरच होता, घडी न मोडलेला. मी समोर उभा राहून सगळं बोलून टाकलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "गोठ्यात पडलो तवा तासभर पडून हुतो, सुधा. पर कुनी मला तू पांगळा हायेस असं म्हनलं न्हवतं. त्ये तू लिवलंस. आन इंग्रजीत लिवलंस."

रात्रीच्या जेवणाला तो ठेचा घेऊन हँकच्या टेबलावर बसला.

पोटाची स्पर्धा

चौथा दिवस पुन्हा समुद्रावर. सकाळी तलावाभोवती ही गर्दी. माइकवाला ओरडत होता, खुर्च्यांवर तीन परीक्षक आकड्यांच्या पाट्या घेऊन बसलेले. चौकशी केली तर कळलं, पोट आपटायची स्पर्धा आहे. काठावरून उडी मारायची, पाण्यावर पोट सपाट आपटायचं, ज्याचा आवाज मोठा आणि पाणी जास्त उडेल तो जिंकला. जगात इतकी सुबत्ता आल्यावर माणसं काय करतात, हे मला तिथं समजलं.

तात्या गर्दीत पुढं उभा होता. माझ्याशी बोलत नव्हता, पण रफीकशी मला ऐकू येईल असं बोलत होता. "पोटावर पडत्यात व्हय? कुनी शिकवलं न्हाय का ह्यांना?"

लासुर्ण्याच्या आसपासच्या निम्म्या माणसांना तात्यानं पोहायला शिकवलं आहे. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं, एवढीच त्याची शाळा. आणि त्याचा मुटका बघायला माणसं काठावर जमायची. गुडघे छातीशी घेऊन तो वरून पडला की पाणी मोटरच्या पेटीपर्यंत जायचं.

नाव नोंदवणाऱ्या मुलीसमोर तात्या जाऊन उभा राहिला आणि कार्ड पुढं केलं. यंत्र वाजलं. मुलगी गोंधळली, तिनं मारिसाला बोलावलं. मारिसा आली, पडद्याकडे बघितलं, तात्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पुन्हा मायेनं भरला.

तात्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "ये हिकडं. आता मी सांगतो तसंच सांग. एक शब्द इकडचा तिकडं केलास तर ह्याच तळ्यात बुडवीन." मग मारिसाकडे बघत म्हणाला, "हिला सांग, त्यो फारम तू भरलाय. मला न इचारता. तुला रांगेत हुबं ऱ्हायचा कटाळा, म्हनून."

चाळीसपन्नास माणसं ऐकत होती. मी सांगितलं. माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात शुद्ध इंग्रजी असावं. हँकनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं तिलाही भाषांतर लागत नव्हतं.

मारिसा म्हणाली, मला कळतंय, पण त्यांची तब्येत मी कशी ठरवू?

"डाक्टर काय म्हनला त्ये सांग तिला," तात्या म्हणाला. "जायच्या आधी तपासलं हुतं. पव्हायला हरकत न्हाय म्हनला. चिठ्ठी खोलीत हाय. आन बाकीचं मी दावतो."

त्यानं टोपी रफीकच्या हातात दिली आणि तिथंच डेकवर उकिडवा बसला. हात न टेकता उठला. परत बसला. आपल्याला यात काही वाटत नाही, पण त्या गर्दीला वाटलं. हँकनं शेजारी तसंच बसायचा प्रयत्न केला आणि तो मागच्या मागं आडवा झाला. पोरं मोठ्यानं मोजायला लागली. तात्या पैलवानी बैठका काढत होता, नजर मारिसावर. पस्तिसाव्या बैठकीला ती म्हणाली, पुरे सर, कृपा करा. तात्या म्हणाला, "चाळीस हुं दे, आकडा बरा दिसतो."

चाळीस झाल्या. मारिसा हसत होती आणि तिच्या डोळ्यांत थोडं पाणीही होतं. तिनं हातातल्या यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवलं. एका खुणेनं पांगळा झालेला माणूस एका खुणेनं बरा झाला.

तात्या काठावर उभा राहिला. तलावात वाकून बघत म्हणाला, "ह्यात तर म्हैस बी बुडायची न्हाय." मग दोन पावलं मागं आला, पळाला आणि हवेत गुडघे छातीशी घेतले.

आवाज बंदुकीसारखा झाला. पाणी सरळ वर गेलं आणि परीक्षकांवर पडलं. एका परीक्षिकेची टोपी तलावात तरंगायला लागली. लोक ओरडत होते. पाणी हळूहळू शांत झालं आणि तात्या वर आला नाही.

रफीक शांतपणे शूटिंग करत होता. त्याला ठाऊक होतं की मुटका मारल्यावर तात्या तळाशी बसून राहतो, वरची माणसं घाबरेपर्यंत. मी बारामतीचा, टायपिंगवाला. मी विहिरीवर कधी गेलोच नव्हतो. मला पोहता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर प्रशांत उभा राहिला. मी चष्म्यासकट, चपलांसकट, खिशातल्या मोबाइलसकट धावलो आणि पाण्यात पडलो.

मी पोटावर पडलो. सपाट. आवाज मला स्वतःला ऐकू आला नाही, पण रफीकच्या व्हिडिओत तो आहे. माझं पोट तीस वर्षं खुर्चीवर बसून तयार झालेलं आहे, ते वाया गेलं नाही. छातीएवढ्या पाण्यात मी बुडायला लागलो, तेव्हा कुणीतरी माझी कॉलर धरून मला उभं केलं. तात्या होता.

"हुबा ऱ्हा," तो म्हणाला. "पाय टेकत्यात हितं."

निकाल असा लागला: तात्याला शून्य, कारण पोट आपटलं नाही. मला दहा, नऊ आणि दहा. हँकच्या उडीला तिन्ही दहा मिळाले होते, त्यामुळं पहिला नंबर त्याला गेला, मला दुसरा. गळ्यात प्लॅस्टिकचं पदक घालून मी थरथरत उभा असताना खरी खुर्ची आली आणि मारिसानं मला तिच्यात बसवलं, माझ्या अंगावर टॉवेल टाकला. खोलीपर्यंत तात्यानंच ढकलत नेलं. वाटेत म्हणाला, "पोहता येत न्हाय आन उडी मारलीस. कशाला?"

"तू वर येईनास म्हणून."

तो खुर्ची ढकलत राहिला. पण जेवायला आमच्या टेबलावर आला, आणि त्यानं ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

बहामा

पाचव्या दिवशी बहामातलं एक छोटंसं बेट होतं. पुन्हा छोटी बोट, पुन्हा कार्ड. या वेळी यंत्र सगळ्यांसाठी वाजतं तसंच वाजलं. तात्या बोटीत चढला आणि पुढं जाऊन बसला, जिथं पाणी अंगावर उडतं.

बेटावर नारळाची झाडं, पांढरी वाळू, आणि बोटीचंच वायफाय. आम्ही टॉवेल अंथरतोय तोच रफीकचा फोन वाजला. माझा मोबाइल तर तलावातच गेला होता. आदल्या दिवशी रफीकनं व्हिडिओ सगळीकडं पाठवला होता आणि लासुर्ण्यात तो सकाळच्या चहाआधी घरोघर पोचला होता. प्रशांत होता. तात्यानं फोन हातात घेतला.

"बाबा, हे काय चाललंय?"

"व्हिडिओ बघितलास?"

"बघितला. म्हणूनच—"

"मग परत बघ." तात्या थोडा थांबला. "प्रशांत, ऐक. मी लासुर्न्यातच ऱ्हानार. फ्लॅट तुझा हाय, येत जाईन आठ दिसांसाठी. तुला भ्या वाटतं, त्ये खरं हाय, मी त्याला खोटं म्हनत न्हाय. पर त्ये भ्या तुझं हाय. त्ये माझ्या अंगावर घालू नगंस. मला त्यात चालता येत न्हाय."

"सुधाशी बोल," म्हणून तात्यानं फोन माझ्या हातात दिला, सदरा काढून टॉवेलवर ठेवला आणि पाण्याकडे निघाला.

"काका," प्रशांत म्हणाला. आवाज उतरलेला होता. "तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर ठरवतो म्हटलं होतं मी. जमेल का त्यांना?"

मला उत्तर देता आलं असतं. चाळीस बैठका सांगता आल्या असत्या. जिने, छोटी बोट, हँकबरोबरची दोस्ती, सगळं पाठ होतं. पण मी त्याचं प्रमाणपत्र लिहायला लागलो असतो तर ते पुन्हा एक फॉर्म भरणंच झालं असतं.

"प्रशांत," मी म्हणालो, "हे मला विचारू नकोस. मी आधी एकदा त्यांच्याबद्दल लिहून दिलं, आणि त्यांना बेटावरचा एक दिवस गमवावा लागला. माझा शब्द मी परत घेतो."

"पण ते परत पडले तर, काका?"

"पडतील. मीही पडतो. पोरा, काल तू बघितलंस की."

तो हसला नाही. मीही हसवायला बोललो नव्हतो. "त्या दिवशी तो तासभर," तो म्हणाला, "मी रोज मोजतो."

"हे त्यांना सांगितलंस कधी?"

"नाही."

"मग ते सांग. फ्लॅटचं सारखं सांगतोस."

मग तो म्हणाला, "द्या त्यांना फोन."

मी समोर बघितलं. तात्या छातीएवढ्या पाण्यात होता, मग गळ्याएवढ्या, मग नुसतं डोकं आणि दोन हात. सावकाश, न थकता मारलेले हात. काठापासून लांब, तरंगत्या बोया बांधलेल्या दोराकडे चालला होता.

"ते पाण्यात आहेत," मी म्हणालो.

"कुणी सोडलं त्यांना पाण्यात?"

"कुणी सोडलं नाही. चालत गेले."

रफीक माझ्याकडे बघत होता. मग प्रशांतनं हळूच विचारलं, "कधी येतील बाहेर?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"मी थांबतो," तो म्हणाला.

"थांब," मी म्हणालो.

फोन चालूच ठेवून आम्ही तो टॉवेलवर, तात्याच्या सदऱ्यावर ठेवला. रफीकनं नारळ फोडून आणला. आम्ही दोघं खात बसलो, पलीकडे प्रशांत थांबून होता, आणि तात्या त्या दिवशी फार वेळ बाहेर आला नाही.